खोट्या शनिवारांची यादी

पित्ताशय काढल्यानंतर घरी सोडताना दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला होता. त्यावर नऊ सूचना होत्या. मी त्या माझ्या वहीत उतरवल्या आणि प्रत्येकीपुढे एक चौकोन आखला. जखम कोरडी ठेवणे, जड न उचलणे, सातव्या दिवशी दाखवायला येणे, महिनाभर तेल-तूप टाळणे, असं सगळं. आठ चौकोनांत वेळच्या वेळी खूण झाली. नववी ओळ होती, 'एक महिन्यानंतर नेहमीचा आहार'. तिच्यापुढचा चौकोन वर्ष उलटलं तरी रिकामाच आहे.

मी दारव्ह्यातल्या एका शाळेत मुख्य लिपिक आहे. परीक्षेच्या बैठकव्यवस्थेपासून पोषण आहाराच्या तांदळापर्यंत सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. घरीही तेच. नवरा म्हणतो, हिला न्यायला यमदूत आला तर त्यालाही ही दारात थांबवेल आणि आधी सोबतच्या सामानाची यादी करेल. ऑपरेशनसाठी यवतमाळला जाताना मी पिशवीवर आतल्या वस्तूंची चिठ्ठी चिकटवली होती. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पोटावर चार बारीक भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. काढलेले खडे प्लास्टिकच्या डबीत घालून दिले होते. मी मोजले, एकोणीस भरले.

ती डबी पाहून बाई म्हणाली, "बाप्पा! एवढी दाळ पोटात घेऊन फिरून राह्यली होती काय तू?"

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणायची पद्धत आहे. ती माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई दिवसभर वावरात असायची, त्यामुळे मला न्हाऊमाखू घातलं, कडेवर वागवलं ते बाईनेच. तिचं लग्न झालं तेव्हा मी पाच वर्षांची होते. पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर गेले ती महिनाभर परत यायलाच तयार नव्हते, असं सगळे सांगतात. तिचं गाव महागावच्या पुढे चार किलोमीटरवर. घरी दाजी, मुलगा आणि सून. ऑपरेशन झालं तेव्हा ती घरदार टाकून माझ्याकडे पंधरा दिवस येऊन राहिली. मुगाचं वरण, मऊ भात, भाजलेला पापड, एवढ्यावर तिने मला उभं केलं आणि जाताना शेजारणीला सांगून गेली की आता ठणठणीत झाली, काही काळजी नाही.

मी ठणठणीत झाले नव्हते. महिना संपला त्या दिवशी ठरल्याप्रमाणे नेहमीचं जेवले. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, भाजीवर कच्चं तेल. पंचवीस मिनिटांनी पोटात पीळ पडला आणि ताटांची आवराआवर अर्धी टाकून धावावं लागलं. पातळ, पिवळंजर्द आणि आग करणारं. त्यानंतर हे मागेच लागलं. दर जेवणानंतर झालं असतं तर हिशेब तरी बसला असता. कधी साध्या वरणभातानंतर व्हायचं, कधी पोळीभाजी निमूट पचून जायची. पोट फुगायचं, गुडगुडायचं, आणि एकदा इशारा आला की हातात चार-पाच मिनिटं. मी वहीत रकाने आखले. काय खाल्लं, किती वाजता, किती वेळाने जावं लागलं. त्या रकान्यांवरून एकेक वस्तू खोडत गेले. वांगं गेलं, तुरीची डाळ गेली, शेंगदाणे गेले, दूध गेलं, सकाळचा चहा गेला. चालणाऱ्या वस्तू एका हाताच्या बोटांवर आल्या, तरी आठवड्यातून तीन-चारदा धावणं होतंच. दुसरी यादी मात्र वाढत चालली होती. कुठल्या रस्त्याला कुठे वापरण्याजोगा संडास आहे, कुठल्या पेट्रोल पंपावर तो कुलपात असतो, कुठल्या बसस्टँडवर पाणी नसतं. दारव्हा ते आर्णी एक, आर्णी ते महागाव दोन, त्यातला एक भरवशाचा नाही.

पुन्हा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांना द्यायला कागद नीट लिहून नेला होता. भूक कमी, पोट फुगणे, ढेकर, थकवा, जखमेच्या जागी खाज. जुलाबाची ओळ त्यात नव्हती. कच्च्या कागदावर ती पहिलीच होती, पण स्वच्छ प्रत काढताना मी गाळली. डॉक्टर तरुण होते, आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलांच्या वयाचे. त्यांच्यासमोर बसून ते लिहिलेलं वाचलं जाईल, हे मला सहन झालं नसतं. त्यांनी कागद वाचला, किती व्यवस्थित लिहिलंय म्हणाले, आणि गॅसच्या गोळ्या दिल्या.

मला खाण्याची हाव कधीच नव्हती. घरच्या जेवणातलं एकेक कमी होत गेलं, त्याचंही फारसं दुःख झालं नाही. आठवण यायची ती बाईकडच्या एका जेवणाची. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी, सकाळची शाळा आटोपली की मी काळीपिवळी जीपमध्ये बसून तिच्याकडे जायची आणि रविवारी परतायची. मी यायची म्हणून ती पातोडी करायची. बेसनाच्या वड्या थापून, कापून, लाल रश्श्यात सोडलेल्या, वर बोटभर तर्री. आधी पुरुषांचं व्हायचं, मग सुनेला वाढायचं. सगळ्यांचं झाल्यावर आम्ही दोघी चुलीपुढे बसायचो. भाकरी तव्यावरची थेट माझ्या हातात यायची. मग गावातल्या कोणाच्या तरी सासूचं, कोणाच्या तरी जावयाचं ती सुरू करायची. खरकटे हात वाळून कडक व्हायचे तरी उठायचं भान नसायचं. हसता हसता तिला ठसका लागायचा. त्या बसण्यात किती वाजले हे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्यासारख्या बाईने घड्याळ पाहिलं नाही, ही आयुष्यातली एवढी एकच जागा असेल. आता जेवले की पहिली नजर घड्याळावर. मला ते परत हवं होतं. चुलीपुढे बसून, हात वाळेपर्यंत, बेफिकीर जेवायचं होतं.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिच्याकडे गेले ती उन्हाळ्याच्या सुटीत. तिने अर्थातच पातोडी केली होती. मी मन घट्ट करून जेवले. आज होणार नाही, असं पोटाला बजावलं. वीस मिनिटांत पोटाने उत्तर दिलं. तिच्याकडचा संडास मागच्या अंगणात, गोठ्याच्या पलीकडे. अंगणात दाजी दोन पाहुण्यांबरोबर बाजांवर बसले होते. त्यांच्यासमोरून धावत कशी जाऊ, म्हणून मी चालत गेले. तिथेच चुकलं. गोठ्याच्या आडोशाला पोहोचेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. साडी मी टाक्यावर स्वतः धुतली आणि बाईला सांगितलं की शेणात पाय घसरला. ती दुसऱ्या साडीच्या शोधात धावली, आणि नंतर पाहिलं तर मी घसरल्याचं सांगितलेल्या जागी तिने राख पसरली होती. पुन्हा कोणी पडू नये म्हणून.

पुढच्या वेळी, पावसाळ्यात गेले, तेव्हा तिने ताट वाढायला घेतल्यावर मी म्हणाले, "बाई, आज शनिवार. मी उपास धरलाय."

हे वाक्य मला शाळेत सापडलं होतं. कोणाच्या घरी गेलं आणि खायला नाही म्हटलं तर आपल्याकडे कारण द्यावं लागतं, आणि एकही कारण टिकत नाही. पोट भरलंय म्हटलं तर थोडंसं घ्या. बरं नाही म्हटलं तर काय होतंय. उपास म्हटलं की मात्र समोरचा माणूस हात जोडतो आणि मागे सरतो. शाळेतल्या वाढदिवसांच्या समोशांसाठी मी गुरुवार धरला. शेजारणीकडे चतुर्थी. नणंदेकडे एकादशी. कोणाला कुठला वार सांगितला यात गोंधळ नको म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर नोंद ठेवली. बाईच्या नावापुढे शनिवार. मुख्याध्यापक एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, मॅडमच्या पुण्याईवरच यंदा दहावीचा निकाल लागणार. सगळे हसले, मीही हसले.

पण उपासवाल्याला उपाशी ठेवतो तो विदर्भातला नव्हे. बाईने अर्ध्या तासात साबुदाण्याची उसळ आणि भगर केली, आणि भगरीवर शेंगदाण्याची आमटी अशी वाढली की कडेने तेल ओघळत होतं. ते खाऊन मी अंगणात तीन चकरा मारल्या. म्हणून त्याच्या पुढच्या शनिवारी मी उपास वाढवला. फक्त पाणी, दुसरं काही नाही.

"एवढा कडक?" बाईने विचारलं.

मी हो म्हणाले. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने स्वतःचं ताट घेतलं आणि एकटी चुलीपुढे बसली. मी दाराशी बसले. आमचं बोलणं झालं, पण ती चार घासांत उठली. रात्री अंथरुणावर पडल्यावर पोटात भुकेचा गोळा फिरत होता, आणि तिच्या घरात मी उपाशी आहे याचं मला हसूही येत होतं आणि रडूही.

तिच्या सुनेच्या लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. हे घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. त्या पावसाळ्याच्या तोंडाशी तिला पुन्हा दिवस गेले आणि या वेळी तिसरा महिना उलटला, चौथा उलटला. पाचव्यात बाईचा फोन आला. मी शाळेत होते, दाखल्यांवर शिक्के मारत. तिने सुनेची तब्येत सांगितली, सोयाबीनचं सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "मले माहीत हाये तू कोणासाठी करून राह्यली. नको सांगू. सांगितलं की फळ जाते."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. माझे शनिवार आणि तिच्या सुनेचे दिवस तिने एकमेकांना जोडले होते. ऑपरेशन झालेली, पन्नाशीची बहीण पाण्यावर उपास करते ती उगाच करणार नाही. ती मला विचारत नव्हती, माझे आभार मानत होती. दर शनिवारी ती माझ्या नावाने मारुतीपुढे दिवा लावत होती आणि मोजत होती. एकवीस झाले की उद्यापन, वावरातल्या मारुतीला रोडगे, असंही तिने ठरवून टाकलं होतं.

त्या क्षणी नाही म्हणायचं होतं. मी म्हणाले, "बरं, बाई." शिक्का तसाच हातात होता, तो मी एका मुलाच्या दाखल्यावर उलटा मारला.

त्यानंतरचे महिने मी तिच्याकडे कमी गेले. गेले की पाणी पिऊन परत. ती निघताना पूर्वीसारखीच शिदोरी बांधून द्यायची, 'उद्या सकाळी सोड उपास' म्हणून, आणि मी ती घरी आणून नवऱ्याला द्यायची. तो मिटक्या मारत खायचा आणि मी वास घेत बसायची. माझी भीती आता पोटाची राहिली नव्हती. मी देवाधर्माची फार नाही. पण शनिवारी सकाळी पोह्यांचा घास घेताना मनात यायचं, आज काही वाईट घडलं तर? पोराला काही झालं तर बाई म्हणेल, उपास होते की. आणि मला माहीत असेल की नव्हते. दोन्हीकडून बाई माझ्या हातून जाणार होती. सांगितलं तर आत्ता, नाही सांगितलं तर रोज थोडी थोडी.

मार्गशीर्षात उद्यापनाचा शनिवार आला. कापूस वेचायच्या बायाही जेवायला होत्या, म्हणून वावरातल्या मारुतीपाशी सकाळपासून तयारी होती. एकीकडे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर लावलेला, एकीकडे गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वांग्याची भाजी. रोडगा म्हणजे जाड कणकेची एकात एक गुंडाळलेली पुरचुंडी, आरात भाजायची, राख झटकून फोडायची आणि वरून तूप ओतायचं. थोडंथोडकं नाही, रोडगा पिऊन थांबेल इतकं. पहिला मारुतीला, दुसरा उपास करणाऱ्याने खायचा. तो खाल्ल्याशिवाय पंगत बसत नाही. तुपाचा डबा मी पाहिला. परतीचा रस्ता, वावर ते घर, घर ते मागचं अंगण, हे सगळं मी मनात मोजून पाहिलं. नुसतं धावण्याचं असतं तर कदाचित मी तेही केलं असतं. पण तो घास उपासाचा म्हणून खायचा होता.

बाई परातीपुढे बसून कणकेच्या पाऱ्या थापत होती. सून घरी होती, बाया पाण्याला गेल्या होत्या. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं. एकही शनिवार केलेला नाही. त्या दिवशी शेणात पाय घसरला नव्हता. जेवले की मला धावावं लागतं, ऑपरेशनपासून, आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून उपास म्हणत गेले.

तिचे हात थांबले नाहीत. एक पारी झाली, तिच्यावर दुसरी बसली.

"एखादा तरी केला असशीन," ती म्हणाली.

"नाही."

"अन् मी फोनवर म्हणलं तवा?"

"तेव्हाही नाही म्हणायला हवं होतं."

तिने तिसरी पारी ठेवली, कडा दाबून पुरचुंडी बंद केली. मग एकदम म्हणाली, "तुही हागणी धुतली म्या. तीन वर्षं. टाक्यावर, नाल्यावर, थंडीच्या दिवसात. अन् तुले माहीच लाज वाटली?"

 ती पुढे म्हणाली, "सहा महिने तू माह्या घरातून उपाशी गेली. मले वाटे देवासाठी जाते. म्हणून पाठवलं." एवढं म्हणून तिने पदराने नाक पुसलं, कणीक नाकाला लागली, आणि ती पुसायला मी हात पुढे केला तर तिने मान मागे घेतली.

बाया आल्या. रोडगे भाजून झाले, नैवेद्य झाला, आणि उपासवाल्याचं पान मांडलं तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. बाई सरळ जाऊन त्या पानावर बसली. माझ्याकडे हात करून म्हणाली, तिचं पोट दुखून राह्यलं, तिच्या वाटचा म्या खाल्ला तरी चालते. कोणी काही विचारलं नाही. तिने रोडगा फोडला, तूप घेतलं, आणि मान खाली घालून पूर्ण खाल्ला. मला वाटतं त्यातला एकही घास तिला गोड लागला नसेल.

संध्याकाळी काळीपिवळीपर्यंत पोहोचवायला ती आली. रस्त्यात एवढंच म्हणाली, "ते शनिवार आता माह्याकडं. पयल्यापासून." मी म्हणाले, एकवीस? ती म्हणाली, एकवीस. गाडी सुटली. आर्णी येईपर्यंत मांडीवरची पिशवी मला हलकी का लागतेय ते कळेना. मग लक्षात आलं, तिने शिदोरी बांधली नव्हती. तिचं लग्न झाल्यापासून इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

घरी पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे मी वहीचं शेवटचं पान फाडलं. सोमवारी रजा टाकून यवतमाळला गेले. या वेळी कागद नेला नाही. डॉक्टरांसमोर बसले आणि जे होतं ते त्याच क्रमाने सांगितलं, रंगासकट. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, हे मागच्या वेळी का नाही सांगितलं? मी म्हणाले, स्वच्छ प्रत काढताना राहिलं.

त्यांनी समजावलं ते असं. पित्त तयार करतं ते यकृत, पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. ती काढली की पित्त थेंब थेंब सतत आतड्यात उतरत राहतं. बऱ्याच जणांचं आतडं ते सांभाळून घेतं, काहींचं घेत नाही, मग असे जुलाब होतात. आधी रक्ताची आणि इतर तपासणी करून घेतली, दुसरं काही नाही याची खात्री केली, आणि मग पाण्यात कालवून घ्यायची एक पूड दिली, पित्ताला बांधून ठेवणारी. ती इतर गोळ्यांपासून वेगळ्या वेळी घ्यायची. जेवण थोडं थोडं, दिवसातून पाचदा. तेल पूर्ण सोडायचं नाही, पण एकदम जास्त नाही. म्हणजे मी ज्या वांग्यावर आणि तुरीवर आळ घेतला होता ती बिचारी निर्दोष होती. शेवटी ते म्हणाले, आणि जास्त वेळ उपाशी राहत जाऊ नका, त्यानेही त्रास वाढतो. मी हसले. त्यांना का ते कळलं नाही.

पुडीने फरक पडला. आठवड्यातून तीन-चारदा व्हायचं ते एकदा, कधी तेही नाही. तुरीचं वरण परत आलं. मी चहा प्यायला लागले. शाळेत अर्धा समोसा खाल्ला तेव्हा शिपाईबाई म्हणाल्या, मॅडम, आज गुरुवार ना? मी त्यांना खरं ते सांगितलं. तर त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, माझ्या भावजयीलाही असंच होते, ते लग्नाला येत नाही कोणाच्या, आम्हाला वाटे शिष्ट आहे.

पण हे सगळं मला जिला सांगायचं होतं ती फोनवर दोन वाक्यांच्या पुढे येत नव्हती. बरी हाये. सून बरी हाये. ठेवू काय? संक्रांतीला दरवर्षी काळीपिवळीवाल्याबरोबर तिळाच्या लाडवांचा डबा यायचा. यंदा मी दोन दिवस संध्याकाळी गाडीच्या वेळेला थांब्यावर जाऊन आले. भाजी घ्यायची होती, असं घरी सांगितलं. शनिवार आला की दुपारी मला आठवायचं, आज ती काही खाणार नाही. साठी उलटलेली बाई, वावरात जाऊन येते, आणि माझ्या खोटेपणाची भरपाई पोटाने करते. मी शनिवारी दोन घास कमी खाऊन पाहिले. ते नुसतं नाटक होतं, सोडून दिलं.

फेब्रुवारीत मुलगी झाली. चांगली, वजनाची. फोन भाच्याने केला. मागे बाईचा आवाज येत होता, कोणाला तरी पाणी तापवायला सांगत होती. तिने फोन हातात घेतला नाही.

मार्चच्या शेवटी तिचा स्वतःचा फोन आला. "पोरगी पाहाले येत नाही काय? मोठी झाल्यावर येशीन?"

येते म्हणाले. कधी येऊ विचारलं.

"शनिवारीच ये. तुले तोच दिवस सापडते."

गेले. मुलगी पाळण्यात नव्हती, बाईच्या मांडीवर होती, आणि बाईच्या कपाळासारखं रुंद कपाळ घेऊन जगाकडे नाराजीने बघत होती. मी तिला घेतलं. सुनेने पाणी दिलं. दाजी पुढच्या ओसरीतून बोलत होते. सगळं नेहमीसारखं चाललं होतं, फक्त बाई माझ्याकडे थेट बघत नव्हती. मग ती उठली आणि न विचारता ताट वाढून आणलं. मूठभर भात, पातळ वरण, अर्धी भाकरी, दोडक्याची भाजी, वाटीभर दही. लहान मुलाला वाढतात तसं, सगळं थोडं थोडं.

"तेल?" मी विचारलं.

"एक चमचा टाकलं साऱ्या भाजीत. आशाताईले विचारलं म्या. ते म्हणे एकदम नाही द्याचं, घंट्या-दोन घंट्यानं द्याचं. संध्याकाळी अजून देतो."

आशाताई म्हणजे गावातली आशा स्वयंसेविका. तिला विचारलं म्हणजे आता ते अर्ध्या गावाला माहीत असणार. मला लाज वाटायला हवी होती, ती कुठे दिसली नाही.

मी म्हणाले, तूही घे. ती म्हणाली, आज पंधरावा. सहा राह्यले. मी म्हणाले, बाई, पोरगी झाली, चांगली आहे, आता कशाला? ती म्हणाली, "बोललं ते फेडा लागते. तू नाही बोलली, म्या बोललो होतो तुह्या वतीनं." एवढं बोलून तिने माझ्या ताटातली माशी उडवली.

म्हणून मी जेवले आणि ती समोर रिकाम्या हाताने बसली. चूल विझलेली होती. मी सावकाश खात होते, ती बघत होती, आणि मध्येच तिने गावातल्या कोणाच्या तरी व्याह्याची गोष्ट सुरू केली, तो मांडवात कसा रुसला आणि मग कोणी विचारेना म्हणून स्वतःच कसा उठून जेवायला आला. मी हसले. तीही हसली, थोडी. मला एवढंच वाटत होतं की तिच्याही हातात भाकरी असावी.

निम्मं जेवण झालं होतं तेव्हा पोटात तो ओळखीचा पीळ आला. पूड घेऊनही कधीकधी येतो. मी घास ताटात परत ठेवला, आणि तिने माझा चेहरा पाहिला.

"जा," ती म्हणाली. "बादली भरून ठेवली हाये. साबण खिडकीत हाये."

मी उठले आणि सगळ्यांसमोरून धावत गेले. कोणी मान वर केली नाही. परत आले, हात धुतले, आत आले. बाई तिथेच बसून होती. माझं ताट दुसऱ्या ताटाने झाकलेलं होतं. तिने वरचं ताट काढलं, वरण निवलं म्हणून थोडं गरम ओतलं आणि विचारलं, "हं, कुठं होतो आपण?"

"व्याही मांडवातून उठला."

"हं. तर उठला," म्हणत तिने गोष्ट पुढे सुरू केली आणि मी उरलेला भात कालवायला घेतला.